सूर कुणी धरला होता

आमच्या घरी ‘पत्ती’ म्हटलं की कुणाला चहाची आठवण व्हायची नाही. पत्ती म्हणजे सनईच्या तोंडाला बसवायची गवताची चिमुकली जीभ. तिच्यातून फुंकर गेली की सनई बोलते. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, सोलापुरातल्या आमच्या पेठेतल्या देवळात सकाळ-संध्याकाळ सनई वाजवायचे आणि लग्नसराईत मांडवात बसायचे. देवळामागच्या बोळात आमच्या दीड खोल्या. त्यातली अर्धी आईची, म्हणजे चूल, उखळ आणि शेंगा भाजायची कढई. उरलेल्या एका खोलीत आप्पांच्या सनया, पत्त्यांचे डबे, मेण, दोऱ्याची रिळं, आणि त्यातून जागा उरली तर आम्ही तिघं. थोरली बहीण लग्न होऊन गेली होती, भाऊ नव्हता. आई शेंगाची चटणी कुटायला बसायची ती नेमकी आप्पांच्या रियाजाच्या वेळी. तिच्या मुसळाला स्वतःचा ठेका असायचा आणि तो आप्पांच्या रागाशी कधी जमायचा नाही. आप्पा सनई तोंडातून काढून ओरडायचे, “अगं, विलंबित कूट की जरा!” आई आतून म्हणायची, “विलंबित कुटली तर दुपारला जेवाल की रात्रीला?” आणि मुसळ तसंच चालू राहायचं. लसूण, लाल तिखट आणि भाजलेले शेंगदाणे यांचा तो वास आजही नाकाशी आला की मला आधी सनई ऐकू येते, भूक नंतर लागते.

आप्पांचे ओठ जाड आणि मिशा भरघोस. नवी पत्ती नीट उघडते का, हे त्यांना चार-चारदा फुंकल्याशिवाय कळायचं नाही. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी गंमत म्हणून एक पत्ती माझ्या ओठांत दिली. मी एकदाच फुंकली आणि म्हणाले, “ही शिंकती.” पुढची दिली. “ही घोगरी हाय.” तिसरीला मी मान हलवली. आप्पांनी तीच सनईला बसवली आणि ती पहिल्या फुंकरीला अशी बोलली की ते माझ्याकडे बघतच राहिले. तेव्हापासून पत्त्या तपासायचं काम माझ्याकडे आलं. पुढे त्या भिजवणं, तासणं, नळीवर दोऱ्यानं बांधणं हेही आलं. आणि पत्ती तपासायची तर ती कशावर तरी बसवून बघायला हवी, म्हणून आप्पांनी ट्रंकेतून सुंदरी काढून माझ्या हातात दिली. सुंदरी म्हणजे सनईची धाकटी बहीण. वीत-दीडवीत लांबीची, आवाजानं उंच आणि स्वभावानं हट्टी. आप्पांना ती त्यांच्या गुरूंकडून मिळाली होती, पण त्यांच्या रुंद बोटांना तिची भोकं अडचणीची पडायची. माझी बोटं बरोबर बसली. दार लावून घेऊन आप्पांनी मला शिकवलं. दहा-अकरा वर्षं शिकवलं, आणि एकच नियम घातला, सुंदरी उंबऱ्याच्या आत. बाईमाणसानं गाल फुगवून चार लोकांत बसायचं नाही. मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उंबऱ्याबाहेर कुणी ऐकायला बसलं आहे, असं माझ्या मनातच कधी आलं नव्हतं.

ते मनात आणलं शिवलीलानं. ती दुधनीची. वडिलांची तुरीची आडत, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. कॉलेजसाठी ती सोलापुरात मावशीकडे राहायला आली होती आणि वर्गात माझ्या शेजारी बसायची. गोरी, गुबगुबीत, हसायला लागली की खोकला येईपर्यंत हसणारी. लहानपणी तिला दम्याचा त्रास. डॉक्टरांनी सांगितलं, पोरीला रोज फुगे फुगवू द्या. तिनं महिन्याभरात इतके फुगे फोडले की तिच्या बाबांनी वैतागून जत्रेतून एक बासरी आणून दिली आणि म्हणाले, “हे फुंक, हे फुटायचं नाही.” गावातल्या मठात भजनाला बासरी वाजवणारे एक म्हातारे अय्या, म्हणजे जंगम पुजारी, होते, त्यांनी तिला बोटं धरून शिकवलं. हे सगळं तिनं मला पहिल्याच आठवड्यात डबा खाताना सांगितलं. मग मीही सांगितलं. ती घास हातात तसाच धरून म्हणाली, “अय्यो! आणि हे तू आजपर्यंत कुणाला सांगितलं नाहीस?”

तिसरा अंबादास. तो आमच्याच वर्गात मागच्या बाकावर बसायचा, कुणाशी बोलायचा नाही, आणि लग्नाच्या तिथी असल्या की हटकून गैरहजर. एकदा आम्ही दोघी कॉलेजातून परतताना समोरून वरात आली. सगळ्यात पुढे, लाल कोट आणि त्यावर सोनेरी पट्ट्या लावून, क्लॅरिनेट वाजवत अंबादास! कोट त्याला दोन माप मोठा होता. आम्ही दिसलो आणि त्याचा सूर असा किंचाळला की मागचा ढोलवाला दचकला.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून आमच्यापाशी आला. “काल तुम्ही मला बघितलं नाही.”

“बघितलं की,” शिवलीला म्हणाली. “राजा दिसत होतास.”

“कुणाला सांगू नका.”

“नाही सांगत,” मी म्हणाले. “पण आम्ही दिसायच्या आधीच तुझा निषाद चढला होता. ते तुला सांगितलं तर चालेल का?”

तो आधी रागावला. चार पावलं गेला, मग परत फिरून म्हणाला, “तुला कसं कळलं?”

अंबादासचं घर तेलुगू विणकरांचं. वडिलांचे टॉवेलचे चार माग, आई दारात मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेली. मामांचा, म्हणजे मल्लेशमामांचा, बँड होता आणि क्लॅरिनेट त्यांनीच याच्या हातात दिलं होतं. मागाच्या शेडला आठवड्याची सुट्टी असायची, त्या दिवशी आम्ही तिथं जमायला लागलो, आणि सुंदरी मी कॉलेजच्या पिशवीत लपवून न्यायचे. एरवी त्या शेडमध्ये शेजारच्या माणसाचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागायचं. सुट्टीच्या दिवशी मात्र तिथं अशी शांतता असायची की छपरावर कावळा चालला तरी कळावं. सगळीकडे सुताचे तंतू, तेलाचा वास, आणि उभ्या ताण्यांमध्ये सतरंजी टाकून बसलेले आम्ही तिघं. अंबादासची अम्मा पितळीत चिंचेचा आंबट-पिवळा भात, त्यांच्यात पुलिहोरा म्हणतात तो, घेऊन यायची आणि आमच्यासमोर ठेवून “तिनु, तिनु”, म्हणजे खा, खा, म्हणत उभी राहायची. आप्पांचा नियम होता की वाजवण्याआधी आंबट खायचं नाही. तो नियम मी त्या शेडमध्ये दर आठवड्याला मोडला, आणि माझ्या गळ्याला कधी काही झालं नाही.

पहिल्या दिवशी आम्ही तिघांनी एकदम ‘सा’ लावला आणि तिघांनीही तोंडं वाकडी केली. तीन ‘सा’ होते, तीन वेगळ्या गावचे. क्लॅरिनेट कारखान्यातूनच आपला सूर ठरवून आलेलं, ते फार हलत नाही. शिवलीलाकडे चार बासऱ्या होत्या, त्यातली एक जवळ जायची. माझी सुंदरी मात्र वर आकाशात. तिला खाली आणायचं काम माझ्यावर आलं. मी पत्ती लांब ठेवून बघितली, नळीला दोरा जास्त गुंडाळून बघितला, भोकांच्या कडेला मेण लावून एकेक सूर उतरवला. दोन महिने मी फक्त पत्त्या तासत होते. आप्पा कौतुकानं म्हणायचे, “पोरगी लई मेहनत घेतीया माज्यासाठी.” मी मान खाली घालून तासत राहायचे. ते खोटेपण मला अजून टोचतं. पण ज्या दिवशी शेडमध्ये तीन सूर एकमेकांत मिसळले आणि कुठला कुणाचा हे आम्हालाच कळेना, त्या दिवशी शिवलीला उठून मागांच्या मधून नाचली, आणि अम्मा विड्यांचं सूप बाजूला ठेवून धावत आली, काय झालं म्हणून.

आमच्याकडे तंबोरा नव्हता, पेटी नव्हती, तबला नव्हता. सनईवाल्यांत एक जण मागे बसून नुसता ‘सा’ धरतो, तशी आम्ही सोय केली. एकानं सूर धरायचा, दोघांनी त्यावर चालायचं. आता माझी भाची मोबाईलवर बोट ठेवते आणि तंबोरा तासभर न थकता वाजत राहतो. मला त्याचा हेवा वाटतो, आणि थोडी कीवही येते. आमचा तंबोरा थकायचा. तो रुसायचासुद्धा. सूर धरून बसायला कुणीच तयार नसायचं. अंबादासला वरातीत सगळ्यांच्या पुढे वाजवायची सवय, हळू वाजवायचं म्हटलं की त्याचा चेहरा पडायचा. शिवलीलाचा श्वास लांब पुरायचा नाही. एकदा सूर मध्येच तुटला म्हणून अंबादास तिच्यावर ओरडला. ती कानडीत काहीतरी म्हणाली, त्यावर तो तेलुगूत काहीतरी म्हणाला, आणि दोघांनाही एकमेकांचं कळलं नाही म्हणून भांडण तिथंच संपलं. त्यातून आम्हाला युक्ती सुचली. सूर एकानंच धरायचा नाही. एकाचा श्वास संपायच्या आत दुसऱ्यानं तो अलगद उचलायचा, दुसऱ्याकडून तिसऱ्यानं, आणि हातबदल झाला हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं. ते जमायला आम्हाला पूर्ण पावसाळा आणि अर्धी थंडी लागली. त्यासाठी एकमेकांच्या ओठांकडे, छातीकडे, डोळ्यांकडे इतकं बघायला लागलो की शेवटी शिवलीला श्वास घेणार हे मला तिच्या आधी कळायचं.

मग जिल्ह्यातल्या कॉलेजांच्या वाद्यवृंदांची स्पर्धा जाहीर झाली आणि शिवलीलानं मला न विचारता तिघांची नावं देऊन टाकली. नावांचा कागद कॉलेजच्या फलकावर लागला. तो देवळात येणाऱ्या कुणीतरी वाचला आणि आप्पांना मोठ्या कौतुकानं जाऊन सांगितलं.

त्या संध्याकाळी आप्पा देवळातून आले ते सनईची पिशवी खुंटीला न अडकवताच उभे राहिले. “कले, सुंदरी कुटं हाय?”

“हितंच हाय.”

“हितं म्हंजे कुटं?”

मी कॉलेजच्या पिशवीतून काढून त्यांच्या हातात दिली. आप्पा मला कधी मारत नसत, त्या दिवशीही त्यांनी आवाजसुद्धा चढवला नाही. ते खाली बसले आणि सुंदरीकडे बघत बोलले, “या बँडवाल्यांनी आमाला मांडवातनं उठवलं. ईस-ईस मानसं घिऊन येत्यात, रस्ता दनानून सोडत्यात, आन् आमी कोपऱ्यात बसून अक्षता पडायची वाट बघतो. आन् माजीच पोर त्येंच्या क्लॅरिनेटच्या शेजारी बसनार? गाल फुगवून? सगळ्या गावाम्होरं?”

“आप्पा, एकदा ऐका तरी.”

“ऐकायचं काय त्यात? उद्या मांडवात बसलो की लोक म्हनतील, ह्येचीच ती पोरगी. मला परत कोन बोलवंल?”

त्यांनी सुंदरी धोतराच्या पानात गुंडाळली, ट्रंकेत ठेवली आणि कुलूप लावून किल्ली आईकडे दिली. आईनं ती कमरेला खोवली. स्पर्धेला आठ दिवस होते. चार दिवस मी घरात कुणाशी बोलले नाही, आणि आईचं मुसळही त्या दिवसांत नीट चाललं नाही. आप्पा रियाजाला बसायचे, दोन सूर लावायचे आणि उठून जायचे.

पाचव्या दिवशी रविवार होता. सकाळी दारात शिवलीला उभी, हातात हुग्गीचा डबा. गव्हाची ती खीर तिच्या मावशीनं केली होती. आणि तिच्या मागे, उंबऱ्याच्या बाहेर, क्लॅरिनेटची पेटी छातीशी धरून अंबादास. तो आमच्या घरी पहिल्यांदाच येत होता. आप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

“ये आत. दारात हुबा ऱ्हाऊ नगंस. लोक म्हनतील, सनईवाल्यानं बँड बोलावला.”

अंबादास आत येऊन भिंतीला टेकून बसला. शिवलीलानं डबा आईकडे दिला आणि आप्पांच्या पाया पडली. मग अंबादास खाली बघत बोलला. “मल्लेशमामांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. ते म्हणतात, ते लहान होते तेव्हा तुमच्या मांडवामागं उभं राहून ऐकायचे. आम्ही वरात निघताना सुरुवातीला जे वाजवतो ना, ते तुमचं आहे.”

“माजं? बँडवर?”

“मामांनी तुमच्याकडनं उचललंय.”

“वाजव बगू.”

अंबादासनं पेटी उघडली, तुकडे जोडले आणि वाजवायला लागला. वरातीतल्यासारखं नाही, तो शेडमध्ये शिकला होता तसं, हळू. चार-पाच स्वरांचीच ती उठावण होती. आप्पांचा चेहरा मला आज इतक्या वर्षांनीही तसाच दिसतो. आपलंच पोर गर्दीत दुसऱ्याच्या खांद्यावर दिसावं, तसे ते बघत होते.

“चोरली व्हय रं माजी?”

“चोरलीच की,” अंबादास म्हणाला.

आप्पा एकदम हसले. अगदी मिशा हलेपर्यंत. तेवढ्यात ट्रंकेचं झाकण वाजलं. आईनं कुणाला न विचारता कुलूप काढलं होतं. तिनं सुंदरी माझ्या तळहातावर ठेवली, पदराला हात पुसले आणि चुलीपाशी जाऊन पाठ करून बसली. आप्पांनी ते बघितलं. ते एवढंच म्हणाले, “आलाच हायसा तर वाजवा.”

आम्ही स्पर्धेसाठी बसवलेला दुपारचा भीमपलास लावला. दहा मिनिटं झाली असतील. आप्पांनी डोळे मिटले होते, ते उघडले आणि हात वर केला. “थांबा. सूर कुनी धरला हुता?”

“आधी अंबादास, मग मी, मग कला, परत मी,” शिवलीला म्हणाली.

“बदलला कवा?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आप्पांनी आमच्याकडे पाठ केली, भिंतीकडे तोंड करून मांडी घातली. “आता वाजवा. मी सांगतो.” आम्ही वाजवलं. थोड्या वेळानं ते म्हणाले, “आता क्लॅरिनेट.” तेव्हा सूर माझ्याकडे होता. परत वाजवलं. “आता बासरी.” तेव्हाही माझ्याकडेच होता. तिसऱ्यांदाही ते चुकले. मग ते वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

“इतकी वर्सं म्या मागं सूर धरनारी मानसं घडवली. एकाचाबी सूर सांधा न दावता दुसऱ्याकडं गेला न्हाय.” मग नाक पुसून शिवलीलाला म्हणाले, “तुजा खांदा उचलतोय, बाळ. कानाला कळत न्हाय, पर डोळ्याला कळतंय. तो तेवढा खाली ठेव.”

दुपारपर्यंत आम्ही वाजवत होतो. आईनं कडक भाकरी, चटणी आणि वर हुग्गी वाढली. जेवून उठताना आप्पा अंबादासला म्हणाले, “सांजच्याला परत या. मधला भाग पळतोय तुमचा.”

स्पर्धा दुपारची होती. आई आली नाही. “मी आले तर रडंन, आन् तुजं ध्यान जाईल,” म्हणाली. आप्पा पांढरा फेटा बांधून आले आणि तिसऱ्या रांगेत बसले. येताना सनईची पिशवीही खांद्याला होती, कारण संध्याकाळी तिथूनच परस्पर देवळात जायचं होतं. आमचं नाव पुकारलं, आम्ही सतरंजीवर जाऊन बसलो, तेव्हा संयोजक सर हातात कागद घेऊन आले.

“तबलावाला कुठाय?”

“आमच्यात तबला नाही, सर,” शिवलीला म्हणाली.

“मग तालवाद्य कुठलं?”

“नाही.”

“असं कसं? वाद्यवृंद आहे हा. ताल नको? नियमात बसत नाही. तुम्ही उठा, पुढच्या कॉलेजला बोलवा.”

सभागृहात कुजबुज झाली. मला उठून पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आप्पा उभे राहिले. त्यांचा आवाज मांडवात हाका मारून कमावलेला, त्याला माईक लागायचा नाही. “सायेब, मी त्या मधल्या पोरीचा बाप हाय. सनईवाला हाय. तुमी धा मिनटं ऐका. न्हाय पटलं तर मी सोता येऊन तिला हाताला धरून घिऊन जातो, परत कुटं वाजवू देत न्हाय.”

संयोजकांनी परीक्षकांकडे बघितलं. परीक्षकांत बाहेरगावाहून आलेल्या एक वयस्क गायिका होत्या. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, “वाजवू द्या हो. ऐकून ठरवू.”

अंबादासनं ‘सा’ धरला. मी सुंदरी ओठांना लावली आणि मागच्या रांगांतून हसू आलं. “गाल बघ, गाल!” कुणीतरी म्हणालं. ते मी स्पष्ट ऐकलं. माझे कान तापले, पण बोटं भोकांवर बरोबर बसली, कारण त्या क्षणी अंबादासचा सूर मला पाठीशी भिंतीसारखा वाटला. मी पहिला लांब सूर लावला. सुंदरी त्या सभागृहात अशी गेली की पहिल्यांदा मला कळलं, आमच्या दीड खोलीत ती इतकी वर्षं डोकं वाकवून राहत होती. शिवलीलाची बासरी खालून आली. हसणं कधी थांबलं, मला आठवत नाही. आलाप संपला, लय आली, आणि अंबादासनं क्लॅरिनेटवर जिभेनं छोटे-छोटे तुकडे मारत ठेका धरला. वरातीत ढोलाशी खेळताना शिकलेली ती करामत होती. गायिकाबाईंचं बोट टेबलावर हलायला लागलं.

आणि मग शिवलीलाचा श्वास अडकला. सूर तिच्याकडे होता. मी तान घेत होते, अंबादास ठेक्यात होता. मला तिचे डोळे दिसले, मोठे झालेले, आणि मला कळलं की पुढचा श्वास येणार नाही. विचार करायला वेळ नव्हता. माझी तान वर चढत होती, ती मी अर्ध्यात सोडली आणि सरळ ‘सा’वर येऊन थांबले, जणू मला तिथंच यायचं होतं. बासरी त्याच क्षणी थांबली. सूर तुटला नाही. आणि अंबादासनं, कुणी न सांगता, ठेका सोडून माझी अर्धी राहिलेली तान उचलली आणि पूर्ण केली! ती तान सुंदरीवर सुरू झाली आणि क्लॅरिनेटवर संपली, आणि सभागृहात पहिल्यांदा ‘वा’ आली. तिसऱ्या रांगेत आप्पा खुर्चीवरून अर्धे उठलेले मला दिसले. काय झालं हे त्या सगळ्या माणसांत त्यांना एकट्यालाच कळलं होतं. मी ‘सा’ धरून राहिले. किती वेळ धरला देव जाणे, डोळ्यांसमोर काजवे चमकले. मग शिवलीलाची बासरी परत आली, आधी कापरी, मग अगदी निर्मळ, आणि शेवट आम्ही तिघांनी एकत्र केला.

टाळ्या थांबेनात. शिवलीला दोन्ही हातांनी छाती धरून हसत होती आणि खोकत होती. निकाल सांगायला गायिकाबाईच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, “नियमाप्रमाणे तबला हवा होता, हे खरं. पण मला त्याची आठवणच झाली नाही.” पहिलं बक्षीस आमचं होतं. संयोजक सरांनीही मोकळ्या मनानं येऊन अंबादासची पाठ थोपटली. शिवलीला आता दुधनीला असते, आडतीचा कारभार नातवापर्यंत पोचलाय. अंबादास पुढे कित्येक मुलांना क्लॅरिनेट शिकवत आला. आम्ही तिघांनी नंतर वीसेक वर्षं लांबलांबच्या गावी वाजवलं, मोठमोठ्या लोकांसमोर वाजवलं. तरी भेटलो की आम्ही बोलतो ते त्याच एका तानेबद्दल, आणि शिवलीला दर वेळी शपथ घेऊन सांगते की ती थांबलीच नव्हती.

त्या दिवशी सभागृहातून बाहेर आलो तर रस्त्यावर मल्लेशमामांचा सगळा बँड उभा. एक लग्न आटोपून, लाल कोट अंगात असतानाच, ते तसेच आले होते. सगळे घामानं निथळत होते. मामा पुढे झाले, आप्पांना बघून डोक्यावरची टोपी काढली. दोघं एकाच गावात एवढी वर्षं लग्नं वाजवत होते, पण समोरासमोर बोलायची ही पहिलीच वेळ.

आप्पा म्हणाले, “माजी उठावन चोरनारा तूच व्हय?”

“व्हय, आप्पा. मीच.”

“मग वाजव की. बगू तरी कशी चोरलीस.”

मामांनी हात वर केला, आणि भर रस्त्यात बँड सुरू झाला. तुताऱ्या, ढोल, झांजा, सगळं एकदम. अंबादासनं पेटीतून क्लॅरिनेट काढलं, शिवलीलाला आणि मला मध्ये घेतलं, आणि आम्ही चालायला लागलो. दहा पावलं गेलो असू. आप्पांनी खांद्यावरची पिशवी सोडली, सनई काढली, पत्ती ओठांत ओली केली आणि बँडच्या पुढे जाऊन उभे राहिले. ढोलवाल्यानं मामांकडे बघितलं. मामांनी मान हलवली. आणि त्या सगळ्या गदारोळाच्या वरून आप्पांची सनई अशी निघाली की दोन्ही बाजूंचे माग बंद करून माणसं दारात आली. अम्मा विडीची पानं पदरात घेऊन धावत आली आणि आमच्याबरोबर चालायला लागली. चिंध्यांचा गठ्ठा नेणारा हातगाडीवाला गाडी सोडून नाचायला लागला. मी सुंदरी काढली. माझे गाल फुगलेले सगळ्या पेठेनं बघितले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

आमच्या बोळाच्या तोंडाशी वरात वळली तेव्हा दिवेलागण होत होती. आवाज ऐकून आई बाहेर आली होती, हाताला पीठ तसंच. बोळातल्या बायकांना ती विचारत होती, “कुनाचं लगीन हाय गं? आपल्या बोळात तर कुनाचं न्हाय आज.” मग तिला फेटा दिसला, मग सनई दिसली.

आप्पांनी सनई खाली घेतली. त्यांना धाप लागली होती.

“लगीन न्हाय,” ते म्हणाले. “पोरीची वरात हाय. पानी घिऊन ये ओवाळायला.”